भेंडीवरचा केवडा

वैशाखरे गावाच्या खालच्या अंगाला काळू नदी जिथं वळण घेते, तिथं अंबूबाईचा भेंडीचा मळा होता. मळा आपला म्हणायचा एवढंच. नदीने पुरात आणून टाकलेल्या गाळाची ती एक लांबट पट्टी. पावसाळ्यात तिच्यावरून पाणी जायचं आणि दिवाळीनंतर ती उघडी पडली की काळी, मऊ, बोट रुतेल अशी माती वर यायची. अंबूबाईचा नवरा धर्मा. त्याच्या बापाने तिथं काकडी लावून पाहिली होती, मिरची लावून पाहिली होती. कशातच राम नव्हता. जमलं ते भेंडीचं, आणि तेही अंबूबाई सून म्हणून त्या घरात आल्यावर.

अंबूबाई खर्डीकडची. तिच्या आईकडे भेंडीचं जुनं बी होतं. फिकट हिरवी, बोटभर लांब आणि टोकाशी मोडली तर टचकन तुटणारी भेंडी. शिजली तरी तिचा चिखल व्हायचा नाही. पहिल्या माहेरपणाहून परतताना अंबूबाईने ते बी आणलं आणि सासऱ्याला न विचारता नदीकाठी दोन वाफे टाकले. सासरा चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी, म्हणजे भेंडी ताटात आली त्या दिवशी, त्याने दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली आणि विषय मिटला. तेव्हापासून टोकावड्याच्या बाजारात बायका टोपली उघडायच्या आधी विचारायच्या, "धर्माच्या बायकोची हाय का?" हळूहळू धर्माचं नाव गळून पडलं आणि नुसती अंबूबाईची भेंडी राहिली. धर्माला त्याचं काही वाटलं नाही. तो मुळातच बोलायचा कमी. बैलांशी बोलायचा, बायकोशी मान हलवायचा.

मळ्याच्या खालच्या टोकाला, बांधापलीकडे, कातकऱ्यांची वाडी होती. कुडाच्या सात-आठ झोपड्या, त्यातली सगळ्यांत अलीकडची बुध्याची. बुध्या नदीत मासे धरायचा, आणि मासे आटले की घाटाखालच्या जंगलात कोळशाच्या भट्टीवर जायचा. त्याची बायको यमू अंबूबाईच्या मळ्यात कामाला यायची. दिवसाची भाजी, भाताचे दोन शेर आणि सणाला लुगडं, असं ठरलेलं होतं. पण ठरलेल्यावर दोघींचं नातं चालत नव्हतं. नदीच्या डोहातून हंडे भरून आणायचे, वाफ्यात ओतायचे, पुन्हा डोहावर. त्या येण्याजाण्यात यमूची जीभ हंड्यापेक्षा जास्त वाहायची. कोणत्या डोहात मळ्या मासा आहे, बुध्या काल कोणाशी भांडला, घाटावरून कोणाची गाडी उतरली, सगळं. अंबूबाई ऐकायची नि हसायची.

भेंडीच्या पानाला आणि देठाला बारीक लव असते. तोडताना ती लागली की कोपरापर्यंत आग होते. तोडणी झाली की दोघी काठावरच्या खडकावर बसून एकमेकींच्या हातांना करंजाचं तेल चोळायच्या. एक कुणबीण आणि एक कातकरीण अशा हात हातात घेऊन बसलेल्या बघून वरच्या आळीतल्या बायका नाक मुरडायच्या. अंबूबाई म्हणायची, "खाज काय जात बघून येते?"

यमूला मूल नव्हतं. दोन झाली होती आणि दोन्ही वर्षाच्या आत गेली होती. ती त्याविषयी कधी बोलायची नाही. बडबडणाऱ्या बाईच्या बडबडीत तेवढीच एक जागा रिकामी असायची, आणि अंबूबाईने तिथं कधी पाय ठेवला नाही.

सत्तावन्न-अठ्ठावन्न साल असेल. त्या साली पीक जोमात उठलं होतं. माघात झाडं गुडघ्याच्या वर आली आणि पिवळ्या पाकळ्यांची, आत जांभळा डोळा असलेली फुलं दिसू लागली. एका सकाळी खालच्या टोकाला यमू थांबली आणि ओरडली, "अंबूबाय, इकडं ये गो! हिला हळद लागली!"

एका झाडाचं शेंड्याचं पान होतं. पान हिरवंच, पण त्याच्या सगळ्या शिरा पिवळ्या पडलेल्या. कोणी हळदीत बोट बुडवून एकेक शीर गिरवावी तशी जाळी उठली होती. दिसायला ते सुंदरच होतं.

"लगीन हाय वाटतं हिचं," यमू म्हणाली.

"मंग वरात कवा?" अंबूबाईने विचारलं, आणि दोघी हसल्या. अंबूबाईची जाऊ कमळ तेव्हा पाण्याला आली होती. तीही हसली.

आठवडाभरात हसू सरलं. जाळी एका झाडावरून दुसऱ्यावर गेली, खालच्या टोकापासून वर चढत चालली. आधी शिरा पिवळ्या, मग शिरांमधली जागा पिवळी, मग सगळं पान केवड्याच्या पातीसारखं फिकट. शेंड्याची वाढ खुंटली. भेंड्या धरायच्या, पण पांढुरक्या, आखूड, वाकड्या, आणि नखाने दाबल्या तर नख मोडेल इतक्या निबर. अंबूबाईने पाणी वाढवलं. मग पाणी तोडलं. शेणाची राख टाकली. धर्माने कडुलिंबाचा पाला आणून वाफ्यात पसरला. काही उपयोग झाला नाही. लोक त्या रोगाला केवडाच म्हणू लागले, आणि तो मळा ओलांडून वरच्या रघूबाबाच्या तुकड्यात शिरला.

रघूबाबा म्हणजे धर्माचा चुलत चुलता. गावात त्याच्या शब्दाला वजन होतं. अंबूबाईच्याच बियाने त्याने त्या साली पहिल्यांदा भेंडी लावली होती आणि आता ती डोळ्यांदेखत पिवळी पडत होती. तो आधी अंबूबाईकडे आला. "बी बाटलेलं दिलंस गो," म्हणाला. आणि तिथून भगताकडे गेला.

नवसू भगत डोंगराच्या कुशीत राहायचा. त्याने सुपात तांदूळ टाकले, पाहिले, पुन्हा टाकले आणि म्हणाला, "खालच्या अंगानं आलंय." रघूबाबाने विचारलं, "बाईमाणूस?" नवसू काही बोलला नाही. न बोलण्याचा अर्थ लोकांनी लावून घेतला. भगताने नाव घेतलं नव्हतं. नाव गावाने पुरवलं. खालच्या अंगाला कोण राहतं? दोन पोरं गमावलेली कोण? आणि भेंडीला हळद लागली, लगीन हाय, असं पहिल्यांदा कोण बोललं? हे तिसरं कमळच्या तोंडून निघालं होतं. गंमत म्हणून तिने ते कोणाला तरी सांगितलं, आणि होळीपर्यंत ते फिरून तिच्याच कानावर आलं तेव्हा त्यातली गंमत संपून गेली होती. त्याच्या जागी एक शब्द आला होता, जो त्या भागात कोणी मोठ्याने उच्चारत नाही. भुताळी, करणी करणारी बाई.

बुध्याचे मासे कोणी घेईना. यमू पाणवठ्यावर आली की बायका हंडे उचलून बाजूला व्हायच्या. एका संध्याकाळी कोणी तरी तिच्या छपरावर दगड टाकले. अंबूबाई हे सगळं बघत होती आणि गप्प होती. यमू तशीच मळ्यात येत होती, फक्त बोलत नव्हती. दोघी खाली मान घालून काम करायच्या आणि तेल न चोळताच घरी जायच्या.

मग रघूबाबा धर्माच्या ओट्यावर येऊन बसला. "तिला मळ्यात घेतेस तवर आमचा बी मळा सुटायचा नाय," तो अंबूबाईला म्हणाला. "सांग तिला. नाय तं आमी सांगू." आमी सांगू म्हणजे काय, ते अंबूबाईला कळलं. ते सांगणं तोंडाने नव्हे, दगडांनी होणार होतं.

ती खाली गेली. यमू झोपडीच्या दारात बसून बोंबलाएवढाले मासे साफ करत होती. तिने पाट पुढे सरकवला. अंबूबाई बसली नाही.

"यमू, थोडे दीस मळ्यात येऊ नको गो."

यमूने हातातला मासा खाली ठेवला. "तू पन म्हनतेस?"

"मी नाय म्हनत. लोक म्हनतात."

"मंग लोकांनी यावं सांगायला. तू कशाला आलीस?"

अंबूबाई नजर चुकवायला इकडेतिकडे बघू लागली, आणि झोपडीच्या मागे तिची नजर अडकली. यमूने तिथं घरापुरती भेंडीची चार झाडं लावली होती. मळ्यातलंच बी. ती चारही झाडं पिवळीधमक झाली होती. त्यांच्यामागे बांधावर रानभेंडीचं जंगल माजलं होतं, नदीच्या ओलाव्याने बारमाही हिरवं असणारं. त्या रानभेंडीच्या पानांवरही तीच पिवळी जाळी होती.

"तुजी बी गेली?" अंबूबाईच्या तोंडून निघालं.

"गेली ना. मी सोतालाच नजर लावून घेतली म्हनायची." यमू हसली नाही. तिने मासा पुन्हा उचलला आणि सुरी फिरवली. बोलणं संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी झोपडी बंद होती. वळचणीचं जाळं नव्हतं, चूल गार होती. भट्टीचा हंगाम निम्म्याहून जास्त सरला असताना बुध्या आणि यमू घाटाखालच्या जंगलात निघून गेले होते. गावाला वाटलं, पीडा टळली. केवडा मात्र थांबला नाही. आता तो गावाच्या वरच्या अंगालाही दिसू लागला. लोक म्हणाले, जाताना करून गेली.

अंबूबाईला जेवण जाईना. तिच्या डोक्यात ती चार झाडं बसली होती. रागाने कोणी दुसऱ्याचं पीक जाळील, पण आपल्या दारची चार झाडं कोण जाळतं? आणि बांधावरच्या रानभेंडीवर कोणाचा राग असणार?

त्या काळात विकासगटाचे ग्रामसेवक नुकतेच गावोगाव फिरू लागले होते. वैशाखऱ्याला यायचा तो घाटावरचा तरुण होता. गावात त्याचं काम म्हणजे खताचे खड्डे खणायला लावणं, आणि गावाचं काम म्हणजे तो गेला की ते खड्डे विसरणं. अंबूबाईने त्याला वाटेत गाठलं आणि मळ्यात नेलं. त्याने पान हातात घेतलं, उलटसुलट केलं.

"मावशी, भाताचं मला थोडं कळतं. हे नाही कळत," तो म्हणाला. "पण ज्यांना कळतं त्यांना विचारू शकतो."

"मंग हे पन ने," म्हणत तिने बांधावरची रानभेंडीची फांदी मोडून दिली. त्याने दोन्ही फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळल्या, सायकलच्या पुढे बांधल्या आणि मुरबाडच्या वाटेला लागला. अंबूबाईला वाटलं, गेला तो गेला.

पण चैत्राच्या उन्हात तो परत आला, आणि त्याच्याबरोबर शेतकी खात्याचा एक पोक्त अधिकारी. एसटीतून उतरून चालत आलेला, घामाने निथळलेला. मळ्याशी आल्यावर त्याने पायातले बूट काढून बांधावर ठेवले आणि अनवाणी वाफ्यात शिरला. ते बघून मागे जमलेल्या लोकांची कुजबुज थोडी थांबली. रघूबाबा होता, कमळ होती, अर्धी आळी होती.

अधिकाऱ्याने एक पान अलगद धरून उलटं केलं. त्याबरोबर पानाखालून पीठ उडावं तसं काही तरी भुरकन उडालं.

"पाहिलंत?" तो म्हणाला. "पांढरी माशी. डोळ्यांना धड दिसतही नाही. ही आजारी झाडाचा रस पिते, मग चांगल्या झाडावर जाऊन बसते. रसाबरोबर आजार घेऊन जाते."

त्याने खिशातून भिंग काढलं. एकेक जण वाकून बघू लागला. पानाच्या पाठीवर तांदळाच्या कणीहून लहान, पांढऱ्या पंखांचे ठिपके बसले होते. अंबूबाईने बघितलं, डोळे चोळले, पुन्हा बघितलं. मग पदर सावरून विचारलं, "म्हंजे सायेब, डास जसा हिवताप नेतो तसा?"

"अगदी तसं."

हे लोकांना कळलं. हिवतापवाल्यांनी दर वर्षी घरोघरी पांढरं औषध फवारून भिंतीवर गेरूने आकडे लिहून ठेवले होते. डासाने ताप येतो हे आधी कोणी मानलं नव्हतं. पण फवारणीनंतर दुसऱ्या पावसाळ्यात गोधडीखाली कुडकुडणारी माणसं कमी झाली होती आणि हे गावाने पाहिलं होतं.

"मंग तसंच औषध मारा ना हितं," रघूबाबा म्हणाला.

अधिकाऱ्याने मान हलवली. "माश्या मरतील थोड्या. नव्या येतील. पण एकदा आजारी पडलेलं झाड बरं होत नाही. त्याला औषध नाही. आजारी झाडं मुळासकट उपटायची, जाळायची. आणि सगळ्यांनी. एकाने उपटली आणि शेजाऱ्याने ठेवली तर काही उपयोग नाही."

"आणि बी?" अंबूबाईने विचारलं. "बी बाटलं का?"

"बी नाही बाटत. हा आजार बियातून जात नाही."

अंबूबाईने रघूबाबाकडे बघितलं नाही. पण तो तिच्याकडे बघत होता, हे तिला समजलं. त्याने घसा खाकरला. "माशी काय आकाशातनं पडली? खालच्या अंगानं आली. आमच्या भगतानं हेच सांगितलं होतं. खालच्या अंगाला कातकऱ्यांची वाडी हाय."

अधिकाऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याने नुसतं विचारलं, "खालच्या अंगाला काय आहे?" आणि तो चालत टोकाला गेला. लोक मागोमाग. बांधावरची रानभेंडी बघून तो थांबला. "हं. हे ते. तुम्ही पाठवलेली फांदी इथलीच ना? मळ्यात भेंडी नसते तेव्हा आजार हिच्यात राहतो. इथून माशी पुढे नेते. ही सगळी काढायला हवी." मग त्याने वळून विचारलं, "हा बांध कोणाचा?"

लोक एकमेकांकडे बघू लागले.

"आमचा," धर्मा म्हणाला.

सगळ्यांनी वळून बघितलं. धर्मा चारचौघांत बोललेला कोणी ऐकला नव्हता. तो बैलाशी बोलायचा त्याच सुरात पुढे म्हणाला, "आमच्या बाबानं घातलेला बांध. रानभेंडी मीच ठेवली, माती धरते म्हनून. कातकऱ्यांचा काय संबंध नाय."

अंबूबाई पुढे झाली. ती म्हणाली, "तिच्या दारची चार झाडं बी पिवळी पडलीत. जा, बघा मागं जाऊन. आपल्याच तोंडचा घास कोन जाळंल?" एक-दोघे खरंच मागे जाऊन बघून आले. परत आले ते रघूबाबापासून लांब उभे राहिले. कमळ पदर तोंडाला लावून उभी होती.

रघूबाबा मात्र हलला नाही. "सायेब आज हाय, उद्या नाय," तो म्हणाला, आणि काठी टेकत वर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबूबाईने मळा उपटायला घेतला. फुलोऱ्यातलं पीक. काही झाडं अजून हिरवी होती. ती ठेवावीशी वाटली, पण अधिकारी म्हणाला होता, आज हिरवी दिसतात, आत पोचलेलं असेल. ती एका हाताने बुंधा धरायची, दुसऱ्याने माती सैल करायची आणि ओढायची. गाळाच्या मातीतून मुळं सुर्रकन निघत होती, तक्रार न करता. तेच तिला जास्त लागलं. मध्येच कमळ आली. शेजारची ओळ उपटू लागली. दुपारी दोघींचे हात कोपरापर्यंत सुजले होते.

"मी गमतीत सांगितलं होतं गो," कमळ म्हणाली.

"ठावं हाय मला," अंबूबाई म्हणाली. "उपट."

ओली भेंडी जळत नाही. धर्माने खाली पेंढा घातला, वर बांधावरची रानभेंडी तोडून टाकली आणि ढीग पेटवला. दिवसभर त्याचा कडवट धूर नदीवर लोळत राहिला. गावातल्या बऱ्याच जणांनी आपापली झाडं काढली. रघूबाबाने ठेवली. वैशाखापर्यंत त्याच्या निबर भेंड्या झाडावरच वाळून खडखडल्या.

मळा मोकळा झाला तशी अंबूबाई कमळला घेऊन भट्टीवर गेली. घाटाच्या पायथ्याचं जंगल, उन्हात पानगळीने उघडं झालेलं. मातीने लिंपलेल्या ढिगाऱ्यांतून धूर निघत होता आणि त्यांच्या आसपास माणसं कोळशाइतकीच काळी झाली होती. यमूला तिने आवाजावरून ओळखलं.

यमूने दोघींना सावलीत बसवलं आणि डेऱ्यातलं पाणी दिलं. अंबूबाईने सगळं सांगितलं. माशी, भिंग, बांध, धर्मा चारचौघांत कसा बोलला ते. यमू ऐकत होती. धर्मा बोलला, हे ऐकून तिच्या भुवया तेवढ्या वर गेल्या.

"मी तुला सांगाया आली ते माजं चुकलं," अंबूबाई म्हणाली. "तू परत ये."

"मी आली नि पुढल्या साली पुन्हा पिवळी पडली तं?"

"पडंल," अंबूबाई म्हणाली. "सायेब म्हनला, थोडी तं पडंलच. तवा उपटू."

"आनि लोक?"

अंबूबाईला खोटं सांगवेना. "लोकांचं मला नाय ठावं," ती म्हणाली.

यमूने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. निघताना मात्र तिने कमळच्या हातांकडे बघितलं, सुजलेल्या, चट्टे उठलेल्या, आणि विचारलं, "तेल नाय लावलंस?"

पावसाळ्याच्या तोंडावर कातकऱ्यांची बिऱ्हाडं परतली, तशी बुध्या आणि यमूही आली. लावणीला यमू दुसऱ्यांच्या खाचरात राबली. मळ्याकडे फिरकली नाही. पुढचा उन्हाळा आला तेव्हा भेंडी कोणीच लावली नाही, अधिकाऱ्याने सांगितलं होतं म्हणून. अंबूबाईने मळ्यात चवळी टाकली. चवळीच्या तोडणीला एका सकाळी ती मळ्यात गेली तर यमू आधीच ओळीत उभी होती, ओटीत शेंगा भरत. "चवळीला खाज नाय," यमू म्हणाली. "मजा नाय." तिथून दोघींचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

त्याच्या पुढच्या वर्षी राखेत ठेवलेलं जुनं बी बाहेर आलं. निम्मं उगवलं, पण उगवलं ते चांगलं उगवलं. झाडं गुडघ्याला आली तेव्हा अंबूबाई रोज सकाळी एकेक शेंडा न्याहाळत मळ्यात शिरायची. एका सकाळी यमू खालच्या टोकाला थांबलेली तिला दिसली. यमूच्या समोरच्या झाडाला शेंड्याशी पिवळी जाळी होती. वरच्या तुकड्यात रघूबाबा कुदळ टेकून इकडेच बघत होता.

यमूने झाडाचा बुंधा धरला, हिसडा देऊन मुळासकट उपटलं, डोक्यावर धरलं आणि सगळ्या नदीकाठाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "अंबूबाय, एक गेली गो!"

"जाऊ दे!" अंबूबाई तितक्याच मोठ्याने ओरडली. "दुसरी बघ!"

तेव्हापासून रोज सकाळी नदीकाठी ही हाळी ऐकू यायची. कधी एक, कधी दोन, कधी काहीच नाही. यमू पानं उलटी करून बघायची आणि जे दिसेल ते ओरडून सांगायची. लपवण्यासारखं काही नाही, हे तिला गावाला ऐकवायचं होतं. हंगामाच्या अखेरीस केवडा वाढलाच, पण तोवर टोपल्या भरून भेंडी बाजारात गेली होती. रघूबाबाने तोंडाने कधी काही कबूल केलं नाही. मात्र त्याच्या तुकड्याच्या कडेलाही सकाळी उपटलेली झाडं पडलेली दिसू लागली, आणि कोणी त्याला त्याबद्दल विचारलं नाही.

नवसू भगत एकदा स्वतःहून मळ्यात आला. माशी दाखव म्हणाला. भिंग नव्हतं, यमूनेच पान उलटं केलं. म्हातारा डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिला. "माज्या दाण्यात ही नव्हती दिसली," तो म्हणाला, आणि घरच्या भाजीसाठी थोडी भेंडी मागून घेऊन गेला.

साठ साल उलटल्यावर ग्रामसेवकाने नव्या जातीचं बी आणलं, केवड्याला सहसा न बळी पडणारं. अंबूबाईने आधी ते घेतलं नाही. मग अर्ध्या मळ्यात टाकून बघितलं. नवी भेंडी गडद हिरवी, सरळ आणि दणकट निघाली. आजूबाजूला पिवळं झालं तरी ती हिरवी राहायची. चवीला आईच्या बियाची सर नव्हती, असं ती शेवटपर्यंत म्हणायची, आणि तरी दर वर्षी नव्याचे वाफे वाढवत गेली. खायला काय, घरापुरते दोन वाफे जुन्याचे पुरेत.

त्याच सुमारास धर्माने मळ्याचं खालचं टोक, बांधाला लागून असलेलं, यमूला कसायला दिलं. कसं दिलं, काय बोलला, कोणाला ठाऊक नाही. एका सकाळी त्याने तिथं बैल नेले, नांगर घातला, आणि बुध्याला हाक मारून कासरा त्याच्या हातात दिला. पहिल्या तोडणीला यमू आपली टोपली घेऊन टोकावड्याच्या बाजारात अंबूबाईच्या शेजारी बसली. एक बाई वाकली, भेंडी मोडून बघितली, टचकन तुटली. "अंबूबायची ना ही?" तिने विचारलं.

"ती तिची," यमू शेजारच्या टोपलीकडे बोट दाखवून म्हणाली. "ही माजी."

बाईने दोन्ही टोपल्यांकडे बघितलं आणि यमूच्या टोपलीतून ओंजळभर भेंडी आपल्या पिशवीत टाकली.